फुटबॉलमध्ये एवढे कोटी अन् रग्बीत प्लेअर फुकट कसा काय जातो?

परभणीचा_डावखुरा:
मंडळी एक डाऊट आहे. काल चहाच्या हॉटेलावर नेमारचा विषय निघाला, २०१७ ला पॅरिसच्या पीएसजी क्लबनं बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो मोजले ते. तर भाचा मधीच म्हणे मामा रग्बीत असं नसतंय, तिथं प्लेअर नुसता उठून दुसऱ्या क्लबात जातो. २०२५ ला मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली तवापासून ते पोरगं दुसरं काही बघतच नाही. पैज लागलीय, हरणाऱ्यानं आठवडाभर चहा. मला काही पटेना, दोन्हीकडं क्लब, दोन्हीकडं कॉन्ट्रॅक्ट, मग कामून असं? आणि खेळच बदलला तर फी कुणाला?

हाळीचा_बाजार:
चहाचे पैसे काढून ठेव 😀
फी प्लेअरची नसतीच, उरलेल्या कॉन्ट्रॅक्टची असते. सालगडी कसा पाडवा ते पाडवा धरतेत, मधीच दुसऱ्या मालकाला पाहिजे असंल तर त्यानं आधीच्याची उचल फेडायची, साल संपलं की गडी मोकळा. फुटबॉलवाला एम्बापे २०२४ ला तसाच रेआल माद्रिद क्लबला गेला, पीएसजीला फी शून्य. त्याच्याहून मजा लिव्हरपूलच्या अलेक्झांडर-आर्नल्डची. त्याचं साल ३० जून २०२५ ला संपत होतं पण माद्रिदला तो क्लब वर्ल्ड कपला पाहिजे होता, तर महिनाभर आधी सोडा म्हणून लिव्हरपूलला पैसे दिले! रग्बी युनियनवाले, म्हणजे पंधरा जणांच्या रग्बीवाले, बहुतेक वेळा पाडव्याची वाट बघतेत, बस. इंग्लंड-फ्रान्सच्या लीगमध्ये क्लबच्या एकूण पगारावर कॅप म्हणजे मर्यादा, टीव्हीचा पैसा फुटबॉलच्या मानानं किरकोळ, फीला आणायचे कुठून. अन् न्यूझीलंड, आयर्लंडात बड्या प्लेअरचा करारच देशाच्या रग्बी बोर्डाकडं असतो, क्लब इकणार काय?

बालाघाट_बीड:
सालगड्याचं उदाहरण मला खटकलं भाऊ. माझे आजोबा सालगडी होते. उचल गड्याच्या डोक्यावर कर्ज असती, पाडवा झाला तरी फिटत नाही, मग पुढचं साल त्याच मालकाकडं. फुटबॉलच्या फीचा एक रुपयाही प्लेअरच्या डोक्यावर नसतो. तुमचं उदाहरण बसतंय ते १९९५ च्या आधीच्या फुटबॉलला. तवा करार संपला तरी जुना क्लब फी मागायचा, दिली नाही तर बसा घरी. बेल्जियमचा प्लेअर बॉसमन लीएज क्लबातून फ्रान्सच्या डंकर्क क्लबात जायचं म्हणत होता, अडकवला, तो कोर्टात गेला, १५ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला अन् करार संपलेले सुटले. निकाल युरोपियन युनियनपुरता होता पण दार उघडलं.

हाळीचा_बाजार:
मान्य, उचलीचं बोलायला नव्हतं पाहिजे.
पण वर्ष बघा, रग्बी युनियन प्रोफेशनल झालं तेबी ऑगस्ट १९९५ लाच. म्हणजे फी मागायची सवय लागायच्या आधीच बॉसमन आला, असं आपलं माझं मत. कारण रग्बी लीग नावाचा तेरा जणांचा वेगळा खेळ आहे, त्यात पैसा आधीपासून होता अन् तिथं फी चालायची. १९९२ ला विगन क्लबनं ऑफिया या प्लेअरसाठी विडनेस क्लबला ४ लाख ४० हजार पौंड दिलेत.

लातूर_मिडफिल्ड:
खेळ बदलायचं राहिलंच. फुटबॉल अन् रग्बीचे फेडरेशन वेगळे, त्यामुळं त्यांच्यात ट्रान्सफर अशी भानगडच नाही, करार संपवायचा अन् जायचं. मधीच पळाला तर कोर्ट. रग्बीवाला सनी बिल विल्यम्स २००८ ला सिडनीचा रग्बी लीगवाला क्लब अर्ध्यात सोडून फ्रान्सच्या तूलोंला युनियन खेळायला गेला, शेवटी साडेसात लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन मिटवलं. फी नाही म्हणायची त्याला, भरपाई.
आणखी एक, फुटबॉलवाला करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला की फीतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटतेत. मला ही गोष्ट २२ कोटीपेक्षा भारी वाटती.

परभणीचा_डावखुरा:
म्हणजे चहा मीच पाजायचा. ऑफियाचं भाच्याला सांगू का? त्यानं 'रग्बीत' म्हणलं होतं, 'युनियनमध्ये' नव्हतं म्हणलं. निम्मा आठवडा तरी वाचंल.