झाडावर चढता येणे ट्री सर्जनच्या कामासाठी पुरेसे आहे का?

कडेकपारी (प्रश्न)

मी गेली आठ वर्षे प्रस्तरारोहण करत आहे. दोर, हार्नेस, गाठी आणि उंची यांची मला चांगली सवय आहे. वयाच्या एकतिसाव्या वर्षी बैठे काम सोडून ट्री सर्जन, म्हणजे दोराने झाडावर चढून फांद्या छाटणारा व झाडाची निगा राखणारा, व्हावे, असा विचार गांभीर्याने करतो आहे. चढाईचा हा अनुभव या कामात कितपत उपयोगी पडतो आणि मला मुळापासून काय शिकावे लागेल, हे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.

बुंधा

सोळा वर्षे हेच काम करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

उंचीची भीती नसणे ही जमेची बाजू आहे, पण दोराची सवय आपल्याला बदलावी लागेल. प्रस्तरारोहणाचा दोर पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो, म्हणून तो ताणला जातो. झाडावरचा दोर कमी ताणणारा असतो, कारण आपण सतत त्यावर भार टाकूनच काम करतो आणि तो ढिला पडू देत नाही. शिवाय हातात चालू चेनसॉ, म्हणजे यंत्रावर चालणारी साखळीची करवत, असते. त्यामुळे कापताना दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घेणे हा आमच्याकडे न मोडण्याचा नियम आहे. एक दोर चुकून करवतीखाली आला, तरी दुसऱ्याने माणूस वाचला पाहिजे.

याहून मोठा फरक असा की, ज्या आधाराला आपण स्वतःला बांधतो तोच आजारी असू शकतो. म्हणून चढण्यापूर्वी मी झाडाभोवती सावकाश फिरतो. बुंध्याशी कठीण, थरांची बुरशी उगवली आहे का, मुळांजवळची माती एका बाजूने उचलली किंवा भेगाळली आहे का, बेचक्यात साल आत दाबली गेली आहे का, हे पाहतो आणि लाकडी हातोडीने खोड ठोकत जातो. निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो. आत पोकळी असेल तर तोच आवाज ढोलासारखा घुमतो, आणि अशा खोडाला दोर बांधायचा की नाही हा निर्णय जमिनीवर उभे असतानाच घ्यायचा असतो.

आता कापण्याविषयी, कारण खरे कौशल्य तिथेच आहे. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर पट्टा असतो. काप त्याच्या लगेच बाहेरून घ्यावा लागतो; पट्टा कापायचा नाही आणि लांब खुंटही सोडायचा नाही. जड फांदी असेल तर आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या किंचित बाहेर वरून काप, आणि वजन उतरल्यावर उरलेल्या खुंटाचा शेवटचा काप, असा क्रम असतो. खालचा काप चुकवला की फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते.

अगदी सुरुवातीच्या काळात मी एक फांदी खोडाशी सपाट कापली होती आणि तो गुळगुळीत काप पाहून मला समाधानही वाटले होते. चार वर्षांनी त्याच झाडाकडे गेलो, तेव्हा त्या जागी माझा अंगठा पेरापर्यंत आत गेला. ते लाकूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते.

सालपापुद्रा

वरील अनुभवामागचे कारण अमेरिकी वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चेनसॉने उभी चिरून दाखवले, आणि १९७७ मध्ये ते विस्ताराने मांडले. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही; झाड कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. फुगीर पट्टा कापला की त्या संरक्षणातला महत्त्वाचा भागच आपण काढून टाकतो. कापावर रंग किंवा डांबर फासण्याची जुनी पद्धतही याच अभ्यासामुळे मागे पडली, कारण त्याने कुजणे थांबत नाही. वनस्पतिशास्त्राचा इतका पाया तरी आपण पक्का करावा.

दोरवाला

मी जमिनीवरून दोर सांभाळतो. ओल्या लाकडाच्या वजनाचा अंदाज नवीन माणसाला हमखास चुकतो: अर्धा मीटर व्यासाचा आणि एक मीटर लांबीचा ओंडका दीडशे ते दोनशे किलो भरतो, आणि तो थोडा जरी खाली पडून दोरावर अडकला, तर झटक्याचा भार याच्या कित्येक पट होतो. एकट्याने कधीही चढू नये. वर माणूस जखमी झाला, तर त्याला ताबडतोब उतरवू शकणारा प्रशिक्षित चढणारा आणि त्याचे तयार साहित्य खाली हवेच.

कडेकपारी

सर्वांचे मनापासून आभार. आणखी एक शंका विचारतो. झाडाचा शेंडा सरसकट उडवून ते बुटके करा, अशी मालकाची मागणी असेल तर आपण काय करता?

बुंधा

मी नकार देतो आणि कारण समजावून सांगतो. मोठ्या कापांतून कुज आत शिरते आणि त्या जागी झपाट्याने वाढणारे, सालीलगत वरवर चिकटलेले फुटवे येतात, जे जाड झाल्यावर वाऱ्यात सहज निसटतात. म्हणजे धोका कमी करण्यासाठी केलेले काम काही वर्षांत नवा धोका तयार करते. त्याऐवजी निवडक फांद्या एखाद्या मजबूत बाजूच्या फांदीपर्यंत मागे घेता येतात. हे करून दाखवले की बहुतेक मालक ऐकतात.

आपल्याला शक्य असेल, तर पहिले वर्षभर एखाद्या चांगल्या चमूत फांद्या ओढण्याचे आणि दोर सांभाळण्याचे काम करा, आणि जिथे जाल तिथे जुने काप जवळ जाऊन पाहा. कोणत्या कापाभोवती नव्या लाकडाचे पूर्ण कडे आले आहे आणि कोणता काप खालून उघडाच राहिला आहे, हे दिसू लागले की मग चेनसॉ हातात घ्या.