शेवटचं सेमिस्टर, ऑप्शनल इंग्लिश आणि सीमाभाग : तुमचे अनुभव लिहा

माझी भाची यंदा बी.ए.च्या सहाव्या सेमिस्टरला आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "मावशी, तुझं शेवटचं सेम कसं गेलं होतं गं?" मी आमटी वाढता वाढता म्हटलं, "चांगलं गेलं की." आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवायला लागले, चांगलं कुठे गेलं होतं?

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी आधी एक खुलासा. धारवाड विद्यापीठाच्या काळापासून आमच्याकडे, म्हणजे कर्नाटकातल्या सीमाभागात, इंग्रजी दोन. एक बेसिक, ते सगळ्यांच्याच गळ्यात. दुसरं ऑप्शनल, ज्याने आपणहून ओढवून घेतलं त्याच्यासाठी. तुमच्याकडे ज्याला स्पेशल इंग्लिश म्हणतात ते. आमची बॅच २००९ची, म्हणजे धारवाडचीच. पुढच्याच वर्षी बेळगावला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं. घरात मराठी, बाजारात दोन्ही, तहसील कचेरीत कन्नड, मग इंग्रजी कशाला, असं लोक विचारायचे. मी मोठ्या तोंडाने सांगायचे, "इंग्रजीत बोललं की कुणी तुम्ही कुठल्या बाजूचे विचारत नाही." खरं कारण एवढंच की मला इकॉनॉमिक्स झेपत नव्हतं.

शेवटच्या सेमला माझ्या बॅगेत तीन कागद होते: बी.एड.ची माहिती, एम.ए.ची माहिती आणि आईने ठेवलेली एका मुलाची पत्रिका. अभ्यासाची वही चौथी. तिघांतलं काय झालं ते सांगत नाही, आधी तुमचं येऊ दे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, बिदर, कारवार, कुठलेही असा. भाची वाचणार आहे, तेव्हा उगाच गोड करून लिहू नका.

खानापूर तालुका, २०१४

दहावीपर्यंत मराठी माध्यम. कणकुंबीच्या बाजूचं गाव, त्यामुळे कॉलेजला बेळगावात खोली घेऊन राहिलो. तिघे जण, एक स्टोव्ह.

सहाव्या सेमला अंतर्गत २० गुण असायचे आणि त्यात सेमिनार. माझ्या वाट्याला शेक्सपिअरच्या मॅकबेथचं स्वगत आलं, बायको गेल्याची बातमी येते तेव्हाचं. 'सॉलिलोक्वी' हा शब्दच तोंडात बसेना. रात्री खोलीत दहा वेळा म्हटला. रूममेट म्हणाला, "काय करुलायस बे, मंत्र म्हणुलायस काय?" तळहातावर बॉलपेनने देवनागरीत लिहून गेलो, घामाने पुसून गेलं.

उभा राहिलो आणि अडकलो. गाईडातली चार वाक्यं पाठ होती ती संपली. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "पुस्तक मिट. तो माणूस काय म्हणतोय ते तुझ्या भाषेत सांग." माझी आजी त्याच वर्षी गेली होती, आणि आजोबा ओसरीवर बसून आल्यागेल्याला जे सांगायचे तेच माझ्या तोंडून निघालं. "उद्या बघू, परवा बघू म्हणत म्हणत सगळं मुगीतु की गा." मुगीतु म्हणजे संपलं. आजोबा मराठीच, पण हा शब्द ते कन्नडच वापरायचे. सगळा वर्ग हसला, कन्नड पोरं जास्तच. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर खडूने 'मुगीतु' लिहिलं आणि त्याखाली मूळ ओळ, 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो'. पुढचा अर्धा तास या दोनांतच गेला.

२० पैकी १७ मिळाले. आता हायस्कूलला इंग्रजी शिकवतो. तळहातावर लिहून आणलेलं पोर मला लांबून कळतं.

चंदगड तालुका, २०२४ (मी महाराष्ट्राची, चालेल ना?)

मावशी, मी रोज शिनोळीवरून बेळगावला यायचे. आमच्या बॅचचं शेवटचं वर्ष तिकिटांत गेलं. २०२३च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. जूनमध्ये कर्नाटकात शक्ती योजना आली, तिकडच्या बायकांना साधी बस फुकट. आता माझं बघा. लालपरीत बसले तर हद्दीपर्यंत अर्धं, पुढे पूर्ण. कर्नाटकच्या बसमध्ये बसले तर आधार कार्ड महाराष्ट्राचं, म्हणून सगळंच पूर्ण. माझी मैत्रीण कर्नाटकातल्या उचगावची. कंडक्टर तिला शून्य रुपयाचं तिकीट फाडून द्यायचा, मला पैशाचं. एकाच सीटवर, एकाच पुस्तकात डोकं घालून बसलेल्या आम्ही दोघी. ती शून्याची तिकिटं पुस्तकात खूण म्हणून घालायची. कीट्सच्या पानांत अजून असतील.

आम्ही एन.ई.पी.वाल्या, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणातल्या, पेपर ६० चा आणि ४० अंतर्गत. वरून इंटर्नशिप. इंग्रजीच्या मुलीने इंटर्नशिप कुठे करायची? बँक घेईना, शाळेत परीक्षा चालू. शेवटी एका काजू कारखान्यात (आमच्याकडे काजू कारखाने भरपूर) मालकाची इंग्रजी पत्रं टाईप करत बसले. 'काइंडली डू द नीडफुल' काढून टाकलं तर मालक चिडले. म्हणाले, "ते असू दे, त्याशिवाय समोरच्याला आपण शिकलेले वाटत नाही."

निपाणी, २०२०

माझ्या शेवटच्या सेमला शेवटच नव्हता. मार्चमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा अर्धा पोर्शन बाकी होता. पोरांना वाटलं परीक्षा रद्द, सगळे पास. जुलैत यू.जी.सी. म्हणाली की अंतिम वर्षाची परीक्षा सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे. लोक कोर्टात गेले, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टानेही परीक्षेशिवाय पदवी नाही असंच सांगितलं. तोपर्यंत मी जे वाचलं होतं ते विसरून दोनदा परत वाचून झालं होतं.

मी तेव्हा कागलला मामाकडे अडकलेली. नकाशात बघा, निपाणी हाकेच्या अंतरावर. पण मध्ये राज्याच्या हद्दीवरचा कोगनोळीचा नाका. पलीकडे जायला कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर पास काढायचा, आणि मामाच्या फोनला रेंज गच्चीवरच्या टाकीजवळ. पुस्तकं निपाणीत, मी कागलात. बाबा नाक्याच्या त्या बाजूला स्कूटर लावून उभे राहिले, मामा या बाजूला. पोलिसाने पिशवी उघडून बघितली. वर डब्यात चिरमुऱ्याचे लाडू, खाली क्रिटिसिझमचं जाड पुस्तक. पोलीस मामाला म्हणाला, "लाडू ठीक आहेत, हे कोण खाणार?" मामाने हा प्रसंग माझ्या लग्नात माईकवर सांगितला.

परीक्षेला एका बाकावर एक. पेपर संपल्यावर मिठी नाही, फोटो नाही. आम्हाला सेंडऑफ मिळालाच नाही आणि त्याचं वाईट मला अजून वाटतं. कुणी 'काय एवढं' म्हणू नये.

बेळगाव शहर, आता कोल्हापूर, १९८६

आमच्या वेळी सेमिस्टर नव्हतं. वर्षाची एकच परीक्षा, वर्षभराचं इंग्रजी एका एप्रिलमध्ये ओतून मोकळं व्हायचं. नोट्स सायक्लोस्टाईल, बोटं जांभळी. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं, हिंडलग्याला गोळीबार झाला, माणसं गेली. निकाल लागला असेल-नसेल, बघायला जाणार कोण? घराबाहेर पडायचीच चोरी. सेकंड क्लास मिळाल्याचं मला गल्लीतल्या दूधवाल्याने सांगितलं, त्याला कुणी सांगितलं ते त्यालाच माहीत.

शेवटच्या वर्षाचं म्हणून एकच आठवतं. जी.ए. कुलकर्णी आमच्या बेळगावचे, धारवाडला इंग्रजी शिकवायचे आणि लिहायचे मराठीत. आम्हा चार-पाच पोरांना वाटायचं इंग्रजी घेतलं की असं काहीतरी होतं. काही होत नाही. मी बँकेत लागलो. पण पस्तीस वर्षं कर्जाच्या अर्जांवर लोकांनी लिहिलेली कारणं वाचली, आणि त्यातली खरी कुठली हे मला इतरांपेक्षा लवकर कळायचं, असं मॅनेजर म्हणायचे.

चिकोडीकडची, सध्या पुण्यात, २०१७

आई कन्नड, वडील मराठी. मला वर्गात दोन्हीकडून 'ती तिकडची' म्हणायचे.

शेवटच्या सेमला मित्रांचा एक घोळका जमला आणि आम्ही गिरीश कार्नाडांचं 'तुघलक' तीन भाषांत वाचायचं ठरवलं. कार्नाडांनी ते १९६४ला कन्नडमध्ये लिहिलं, इंग्रजीत स्वतःच आणलं, आणि मराठीत आणलं तेंडुलकरांनी. एक कन्नड मैत्रीण मूळ वाचायची, मी इंग्रजी, आणि येळ्ळूरचा एक मित्र मराठी. टिळकवाडीतल्या एका गच्चीवर, संध्याकाळी, परीक्षेला तीन आठवडे असताना! सुलतान राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवतो तिथे आलो. दौलताबादचा किल्ला मराठी पोरांनी दहावीच्या सहलीत बघितलेला. येळ्ळूरवाला म्हणाला, "त्यात काय एवढं, आमच्याकडे दर हिवाळ्यात बेंगळुरूहून हलते की." सुवर्ण विधानसौधच्या दिशेला हात करून, कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन बेळगावात तिथेच भरतं. कन्नड मैत्रीण इतकी हसली की तिच्या हातातला चहा माझ्या पुस्तकावर सांडला. ते डागाळलेलं पुस्तक मी पुण्याला घेऊन आले.

एक कबुली. तीन भाषांच्या नादात मी इंग्रजी टीकाकारांचं काहीच वाचलं नाही आणि त्याच पेपरात सगळ्यात कमी गुण पडले. भाचीने हे करावं का? करावं, पण तीन आठवडे आधी नको.

ध्वनिशास्त्रात गटांगळी, वर्ष सांगत नाही

सगळे स्वगतं आणि कीट्स सांगताहेत. फोनेटिक्सचं कोण बोलणार? त्यातला तो उलटा ई. दिसतो ई, उलटा झाला की म्हणायचा अर्धवट 'अ'. आपल्या 'व'ला इंग्रजीत दोन आवाज, एक ओठ गोल करून, एक दात ओठावर ठेवून. मी आरशासमोर दोन्ही केले, दोन्ही 'व'च आले. एकदा नापास, दुसऱ्यांदा नापास, तिसऱ्यांदा काठावर. त्या दोन खेपांत एक फेरतपासणीचा अर्ज कुठल्याशा टेबलाखाली गेला तो गेलाच, पावती अजून आहे.

वर्गातले एम.ए.ला गेले आणि मी गोव्यात, हॉटेलच्या रिसेप्शनवर. तिथे रशियन, ब्रिटिश, दिल्लीवाले सगळे. कुणाला माझा 'व' अडला नाही.

कॉलेजात शिकवणारी

टेबलाच्या या बाजूचं दोन ओळीत. मी अतिथी व्याख्याती, म्हणजे दरवर्षी नव्याने पाहुणी. सहाव्या सेमची पोरं विचारतात, "मॅडम, पुढे काय करू?" आणि पुढच्या वर्षी मी इथे असेन का हे मलाच माहीत नसतं. तरी सांगते ते एवढंच: कर्नाटकात सरकारी नोकरी हवी तर कन्नडचा पेपर टळत नाही, आत्ताच लिहायला-वाचायला शिका, त्यात कमीपणा नाही. आणि महाराष्ट्राच्या भरतीचे अर्ज भरताना महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांपैकी तुमचं गाव आहे का, असा प्रश्न असतो तो वाचून भरा, घाईत 'नाही'वर टिचकी मारू नका. गाव यादीत आहे का आधी बघा, तिथले रहिवासी असल्याचा दाखला वेळेत काढा. दरवर्षी दोघं-तिघं रडत येतात.

भाची

मावशी, वाचलं सगळं. मुगीतु वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय. गाव यादीत आहे, बाबांना विचारलं, दाखल्याला सोमवारी जाणार. फोनेटिक्सवाल्या काकांना सांग, आम्हाला तो पेपर पाचव्यातच होऊन गेला, मला ४१ पडले.

आणि तू अजून सांगितलं नाहीस, त्या तीन कागदांतला कुठला? आई म्हणते पत्रिका आजीने ठेवलीच नव्हती, तूच घेऊन गेली होतीस.