अनुभव धागा: एअर सस्पेन्शनच्या गाडीला जॅक लावून चाक बदलणं

व्हीलपाना (घोडबंदर रोड)

पाट्यांच्या किंवा कॉइल स्प्रिंगच्या गाडीला जॅक लावला की ती ठेवाल तिथं राहते. एअर सस्पेन्शनची गाडी जॅकवरही स्वतःचं डोकं चालवते. बॉडी वर गेली, चाक खाली लोंबलं, की त्या कोपऱ्याचा हाइट सेन्सर सांगतो, "इथं उंची जास्त झाली." मग व्हॉल्व्ह ब्लॉक त्या बलूनमधली (स्प्रिंगच्या जागी असलेल्या रबरी पिशवीतली) हवा सोडून देतो. वरून काहीच दिसत नाही. चाक बदलून जॅक उतरवायला घेतला की गाडी नेहमीच्या उंचीवर थांबत नाही, मडगार्ड टायरवर येईपर्यंत बसत जाते आणि जॅक सिलखाली (दारांखालच्या बॉडीच्या कडेखाली) अडकतो. त्या वेळी बोटं टायर आणि मडगार्डच्या फटीत असतील तर काय होईल ते लिहायला नको.

ठाणे-नवी मुंबईत अशा गाड्या आता पुष्कळ आहेत, पण कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पाना लावण्याआधी हे विचारेलच असं नाही. म्हणून धागा. गाडी कुठली, सस्पेन्शन गप्प कसं करायचं, जॅक कुठं, काय बिघडतं, एवढं लिहा. किस्से दुसऱ्या धाग्यावर.

पातलीपाडा

ऑडी क्यू7, पहिली पिढी. इग्निशन चालू ठेवून एमएमआयमध्ये (डॅशबोर्डच्या स्क्रीनवरच्या मेन्यूत) कार, मग सेटअप, त्यात एअर सस्पेन्शनखाली जॅक मोड मिळतो. तो ऑन केला की लेव्हलिंग (गाडीनं स्वतः उंची सारखी करणं) थांबतं. गाडी पुढे चालवून थोडा वेग घेतला की मोड आपोआप सुटतो, त्यामुळे मोड लावल्यावर "जरा कडेला घेऊ" म्हणून गाडी हलवली तर पुन्हा तपासा. आधी जागा ठरवा, मग मोड.

जर्मन गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात. चाक टांगायला स्टडच नाही. टूलकिटमधली गाइड पिन वरच्या भोकात फिरवून बसवा आणि चाक तिच्यावर सरकवा, नाहीतर तीसेक किलोचं चाक एका हातानं धरून दुसऱ्या हातानं बोल्ट शोधत बसावं लागतं. लॉक बोल्टचा (चाक चोरीला जाऊ नये म्हणून असलेल्या वेगळ्या डोक्याच्या बोल्टचा) अडॅप्टर कुठं आहे ते आजच बघून ठेवा. तो बहुधा स्टेपनीच्या खाचेत किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये असतो.

घडीची स्टेपनी असेल तर क्रम उलटा आहे. आधी रिकामी स्टेपनी बसवायची, बोल्ट हातानं घट्ट करायचे, मग गाडीतल्या कॉम्प्रेसरनं लेबलवरच्या दाबापर्यंत हवा भरायची, आणि त्यानंतरच जॅक खाली.

डिस्को चार (नेरुळ)

लँड रोव्हर डिस्कव्हरी 3 आणि 4. इंजिन चालू असतानाच गाडी ऑफ-रोड उंचीवर न्या, म्हणजे नेहमीपेक्षा साधारण 5 सेंटिमीटर वर. मग इंजिन बंद. कारण साधं आहे: चाक एवढं वर-खाली होऊ शकणाऱ्या गाडीत चाक खूप खाली लोंबतं आणि टूलकिटच्या जॅकची उंची संपते तरी टायर जमिनीवरच असतो.

स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली विंचवर टांगलेली असते. विंचचा नट डिकीच्या फरशीतल्या झाकणाखाली. स्टेपनी जॅक लावण्याआधी उतरवून बाहेर ओढा. गाडी जॅकवर चढल्यावर पोटाखाली हात घालायची वेळच येऊ नये. उतरलेली स्टेपनी सिलखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.

या गाड्यांत दार उघडं असेल तर उंची बदलायचं काम थांबतं. म्हणून जॅकवर असताना एक दार उघडं ठेवणारे बरेच आहेत. चालतं, पण रस्त्याच्या बाजूचं दार नको.

नट आवळायचा टॉर्क (पिळाचा जोर) 140 न्यूटन मीटर.

प्रश्न आहे (कोपरखैरणे)

इग्निशन बंद करून चावी काढली की पुरे नाही का? वीजच नाही तर व्हॉल्व्ह उघडणार कसा?

रबाळे गॅरेज

नाही, कोपरखैरणेकर. इग्निशन बंद म्हणजे सस्पेन्शन बंद नव्हे. बऱ्याच गाड्यांचं लेव्हलिंग युनिट पार्क केल्यावरही काही वेळ जागं असतं, आणि काही गाड्यांत नंतर मधूनच उठून चार कोपरे मोजतं. मर्सिडीजच्या एअरमॅटिकमध्ये (त्यांच्या एअर सस्पेन्शनमध्ये) दार किंवा डिकी उघडली की युनिट जागं होतं. म्हणजे डिस्कोवाल्यांचा दार उघडं ठेवायचा नियम तिकडे नेमका उलटा पडतो. एका गाडीचा नियम दुसरीला लावू नका, आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा. एअरमॅटिकला जॅक, पाना, स्टेपनी, हातमोजे सगळं आधी बाहेर काढा, दारं-डिकी बंद करा, गाडी लॉक करा, स्मार्ट की लांब कुणाकडे तरी द्या. थोडं थांबा, मग जॅक.

व्होल्वो एक्ससी90 ला सेंटर स्क्रीनवर सेटिंग्जमध्ये माय कार, मग सस्पेन्शन, तिथं लेव्हलिंग कंट्रोल बंद करायचा पर्याय आहे. बीएमडब्ल्यू एक्स5 च्या बऱ्याच मॉडेलना हवा फक्त मागच्या अ‍ॅक्सलला आहे. पुढचं चाक बदलायचं म्हणून निश्चिंत राहू नका, पुढून उचललं की मागची मापंही बदलतात.

आता नुकसान कुठं होतं ते. कारच्या बलूनमध्ये साधारण 6 ते 10 बार दाब असतो. बलूनचं रबर खालच्या पिस्टनवर गुंडाळी घेत वर-खाली होतं. हवा निघून गेलेल्या आणि ताणलेल्या बलूनवर गाडीचं वजन एकदम टाकलं की ती गुंडाळी नीट पडत नाही, रबर आत दुमडतं आणि चिमटतं. लगेच फुटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते आणि दोष कॉम्प्रेसरला दिला जातो.

जॅकवर असतानाच हवा गेलीय असं कळलं (फुस्स आवाज, किंवा बलूनचं रबर सैल) तर जॅक सरळ उतरवू नका. ट्रॉली जॅक (गॅरेजमधला चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक) असेल तर टायर जमिनीला जेमतेम टेकेल एवढंच खाली आणा. बहुतेक वजन जॅकवरच राहू द्या. सगळे बाजूला. एकानं आत बसून इंजिन चालू करावं, लेव्हलिंग परत चालू करून वरची उंची निवडावी. बलून भरून टाइट झाला, गाडी जॅकवरून सुटायला लागली की जॅक ओढून घ्या. टूलकिटच्या कात्री जॅकवर हे करू नका. तो तिरपा होतो. तिथं फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट टोइंग ट्रक) बोलवा.

बलूनवाला (कळंबोली)

कारवाल्यांचं झालं, आता न्हावा शेवा बंदराकडे धावणाऱ्या ट्रेलरचं. आमच्याकडे बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर नाही, लेव्हलिंग व्हॉल्व्ह आहे. चेसिसवर व्हॉल्व्ह, त्याच्या दांडीचं टोक अ‍ॅक्सलला. याला चावी-बिवीशी काही देणंघेणं नाही. चेसिस वर गेली, दांडी खाली झुकली, हवा बाहेर. बॅटरीची वायर काढली तरी तो सोडणारच.

म्हणून जॅक चेसिसला लावू नका, अ‍ॅक्सललाच लावा, बलूनच्या बैठकीजवळ, चाकाच्या जितकं जवळ तितकं बरं. अ‍ॅक्सल उचलला की बलून ताणला जात नाही आणि दोन-तीन इंचांत चाक सुटतं. चेसिस उचलायला गेलात तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर पूर्ण ताणला जाईपर्यंत चाक जमीन सोडत नाही. चेसिस उचलणं भागच असेल तर आधी व्हॉल्व्हची दांडी अ‍ॅक्सलकडून सोडवून मधल्या स्थितीत बांधा.

गरज नसताना वर घेता येणारा लिफ्ट अ‍ॅक्सल उचललेला असेल तर त्याच्याखाली लाकडाचा टेकू दिल्याशिवाय हात घालू नका. तो हवेच्या जोरावर वर आहे, टाकीतला दाब उतरला की खाली येतो.

ट्यूबचा टायर आणि लॉक रिंगची (टायर धरून ठेवणाऱ्या वेगळ्या लोखंडी कड्याची) डिस्क असेल तर चाकाचा एकही नट ढिला करण्याआधी त्या चाकाची हवा व्हॉल्व्ह कोर काढून पूर्ण सोडा. जोडचाक असेल तर आतल्याचीही. डिस्क तडकलेली असेल तर नट हाच तिचा शेवटचा आधार असतो. रिंग उडाली की माणूस उरत नाही.

दहा नटांच्या एम22 स्टडला साधारण 600 न्यूटन मीटर लागतो. टॉमीला (पाना फिरवायच्या दांडीला) लांब पाइप घालून त्यावर उभं राहिलं की किती झाला ते कुणालाच कळत नाही. टॉर्क पाना नाहीच मिळाला तर लोड पॉइंटवर पोचल्यावर तरी तपासून घ्या.

डेपो (तुर्भे)

बससाठी एकच भर. एसी बसची बॉडी बलूनवर उभी असते. बलून फुटला किंवा हवा उतरली की बॉडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शनच्या तळाच्या रबरी ठोकळ्यावर) येते, आणि खालची उरलेली जागा माणसाच्या छातीपेक्षा कमी असते. चाक बदलायचं असो वा ब्रेक बघायचा, चेसिस आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये टेकू लावल्याशिवाय खाली जाऊ नये. कंडक्टर-ड्रायव्हरांनी पॅनेलवरच्या नीलिंगच्या (बस खाली झुकवायच्या) बटणाला हात लावू नये म्हणून स्टिअरिंगवर पाटी अडकवतात. ती पाटी स्वस्त आहे, लावा.

पाऊसपाणी (ऐरोली)

जागेबद्दल कोणी बोललं नाही. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खालची वाळू वाहून गेल्यामुळे पोकळ होतात. दोन-अडीच टनांच्या गाडीचा एक कोपरा जॅकच्या तळहाताएवढ्या पायावर आला की ब्लॉक खचतो. 18 मिलिमीटर प्लायचा एक बाय एक फूट तुकडा डिकीत ठेवा. स्टॅक पार्किंगच्या लोखंडी प्लेटवर जॅक अजिबात नको, प्लेट वाकते आणि जॅक सरकतो.

गायमुखच्या चढावर, किंवा पाम बीच रोडच्या उजव्या लेनमध्ये चाक बदलू नका. पंक्चर टायरवर चालण्याच्या वेगानं सपाट कडेपर्यंत या. टायर जाईल, जाऊ दे. त्रिकोण 50 मीटर मागे, पार्किंग लाइट चालू.

पार्किंग ब्रेक लावाच, नुसत्या 'पी'वर भरवसा नको. इंजिनला जोडलेलं चाक हवेत गेलं की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर) ते चाक मोकळं फिरवतं आणि 'पी'ला धरायला काही उरत नाही. कर्णाच्या विरुद्ध टोकाच्या चाकाला दोन्ही बाजूंनी गुटके. दगड चालत नाही, घरंगळतो.

नट अर्धा फेरा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच.

प्रश्न आहे (कोपरखैरणे)

आमच्या नाक्यावरचा टायरवाला सिलला न लावता थेट खालच्या आर्मला ट्रॉली जॅक लावतो. म्हणतो, चाक लोंबतच नाही, मग सेन्सर फसणार कसा?

रबाळे गॅरेज

तर्क बरोबर, जागा चूक. ट्रकमध्ये अ‍ॅक्सलखाली लावतात तोच विचार आहे. पण या कारचे आर्म बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे, आकार तिरपा, जॅकची वाटी घसरते. त्यात हाइट सेन्सरची बारीक दांडी बऱ्याचदा त्याच आर्मला जोडलेली असते. ती वाकली की गाडी कायमची एका बाजूला झुकलेली. कंपनीनं दिलेला पॉइंटच वापरा, मध्ये खाचेचा रबर पॅड ठेवा, नाहीतर सिलची कडा चेपते. खाडीच्या खाऱ्या हवेत जुन्या गाड्यांची सिल आतून गंजलेली असू शकते. आधी बोटानं दाबून, टिचकी मारून बघा. भुसभुशीत वाटलं तर दुसरा पॉइंट.

वीकेंडवाला (खारघर)

बलूनच फुटलाय, गाडी एका बाजूला टायरवर बसलीय आणि त्याच बाजूचं चाक पंक्चर. जॅक खाली जातच नाही. तेव्हा काय?

व्हीलपाना (घोडबंदर रोड)

बंद उंची 75-80 मिलिमीटरची लो-प्रोफाइल ट्रॉली जॅक बहुतेक वेळा जाते. नाही गेली तर इंचभर जाडीची फळी पंक्चर चाकापुढे ठेवून चाक हळू तिच्यावर चढवा, तेवढी जागा पुरते. वर घेतल्यावर लगेच जॅकच्या बाजूला घोडी (गाडी तोलून धरणारा लोखंडी स्टँड) लावा. हवा नसलेल्या कोपऱ्यात जॅक हा एकटाच आधार आहे. नवं चाक बसलं तरी गाडी चालवू नका. बंप स्टॉपवर बसलेल्या गाडीत टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासून काही किलोमीटरमध्ये कापला जातो.

बलूनवाला (कळंबोली)

आणि फ्लॅटबेडवर घेताना टोइंगवाल्याला सांगा, पट्टे चाकांवरून बांध, बॉडीला किंवा चेसिसच्या हुकला नको. वाटेत उरलेल्या बलूनची हवा उतरली की गाडी खाली बसते, बॉडीला बांधलेले पट्टे सैल पडतात आणि पहिल्या स्पीडब्रेकरला गाडी प्लॅटफॉर्मवर सरकते.

पातलीपाडा

राहिलेलं एक: चाक बसवून गाडी खाली आल्यावर जॅक मोड बंद करा, इंजिन चालू ठेवून मिनिटभर उभे राहा, चारही मडगार्डच्या फटी बघा, मग निघा. नट-बोल्ट 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बारीक स्टेपनीवर 80 च्या वर नाही.