मदत हवी आहे: घरच्या गेम मशीनवर दोघं खेळताना बटणं लागत नाहीत

मंडळी जरा लवकर सांगा, गणपतीत भाचरं येणार आहेत आणि त्याआधी मला हे संपवायचंय. जुन्या कॉम्प्युटरपासून घरीच पार्लरसारखं मशीन बनवलंय, उभा डबा, दोन हँडल, प्रत्येकी सहा बटणं. एकटा खेळलो की सगळं व्यवस्थित. दोघं उभे राहिलो की गडबड. मुस्तफा या गेममध्ये उडी आणि मार एकत्र दाबून जो खास फटका बसतो, ज्यात आपली थोडी लाइफ जाते, तो निघतच नाही, किंवा दुसऱ्याचा माणूस मध्येच चालायचा थांबतो. बटणं बदलून झाली, वायरी दोनदा तपासल्या, तीन रात्री गेल्या. काय करू?

पाटीलबुवा
कॉम्प्युटर कोणता, रॅम किती, विंडोज की लिनक्स? काहीच लिहिलं नाहीत, कसं सांगणार?

धागाकर्ता
कोअर टू डुओ, २ जीबी, विंडोज ७, आणि पार्लरचे जुने गेम चालवणारा मेम हा प्रोग्राम. पण गेम अडकत नाही हो, फक्त बटणं.

रासबेरीवाला
तो डबडा कॉम्प्युटर काढून टाका आणि रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, बसवा. माझ्याकडे त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय दोन वर्षं चालू आहे, आवाज नाही, पंखा नाही, वीजही कमी.

पाटीलबुवा
कशाला उगाच खर्चात पाडताय? मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा गेम, मूळ मशीनमध्ये ६८००० हा जुना, हळू प्रोसेसर होता. कोअर टू डुओला तो हातचा मळ आहे. रॉम, म्हणजे गेमची फाइल, मेमच्या त्याच व्हर्जनची आहे का ते बघा आधी.

रासबेरीवाला
रॉम चुकीची असती तर गेम सुरूच झाला नसता. तुम्हीपण काहीही सांगता.

कोकणातला
प्लाय कोणता वापरलात? एमडीएफ (भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर आमच्याकडे पावसाळ्यात फुगून बटणांची भोकं वाकडी होतात, माझं पहिलं पॅनल असंच गेलं. १८ एमएम वॉटरप्रूफ प्लाय घ्या आणि आतल्या बाजूलाही सनमायका मारा, तिथे लोक कंजुषी करतात.

धागाकर्ता
प्लायच आहे. डबा छान झालाय, तो प्रश्नच नाही.

जुनाखेळाडू
मुस्तफा! शाळेसमोरच्या पार्लरला १ रुपयाला एक कॉइन होता, पिवळ्या टोपीवाला कुणी घ्यायचा यावरून आमची रोज भांडणं. तो सगळ्यात जोरात पळायचा. तिसऱ्या खेळाडूचं हँडलपण लावा राव, तीन जणांनी खेळायचा गेम आहे तो.

सोल्डरगन
एक सांगा, हँडल आणि बटणं कॉम्प्युटरला जोडलीत कशी? कोणता बोर्ड आहे मध्ये?

धागाकर्ता
बोर्ड नाही. जुना पीएस टू (गोल पिनेचा) कीबोर्ड पडून होता, तो उघडून आतली हिरवी पट्टी काढली आणि तिच्यावर वायरी सोल्डर केल्या. जे पॉइंट सोपे पडले ते घेतले, मग मेममध्ये बटणं सेट करून घेतली.

सोल्डरगन
मग दुखणं तिथेच आहे, तुमच्या वायरिंगमध्ये काही चूक नाही. कीबोर्डात प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या ओळी आणि उभे रकाने असतात आणि बटण दाबलं की एक ओळ एका रकान्याला चिकटते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली की चौथंही दाबल्यासारखं दिसतं, चिपला कळत नाही खरं कुठलं, म्हणून ती बरेचदा तिसरं बटण पुढे पाठवतच नाही. एकट्याने खेळताना हे फारसं होत नाही. दोघं मिळून पाच सहा बटणं दाबतात तेव्हा होतं. मेममध्ये पहिल्या खेळाडूला डावा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट दिलेत ते उगाच नाही, या बटणांच्या लाइनी बहुतेक कीबोर्डात वेगळ्या असतात. नोटपॅड उघडा, पहिल्याचं एक आणि दुसऱ्याची दोन बटणं धरून ठेवा, बघा काय उमटतं.

पिक्चरट्यूब
जुना सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर लावला असेल तर मागचं कव्हर उघडू नका. बंद केल्यावरही आत जोरदार चार्ज राहतो.

धागाकर्ता
एलसीडी आहे. सोल्डरगन, आत्ताच करून पाहिलं. ए आणि एस धरले, वर क्यू दाबला, क्यू आलाच नाही. क्यूच्या जागी एम दाबला तर आला! तीन रात्री मी बटणं खोलत बसलो होतो. आता कंट्रोल ऑल्टवर वायरी हलवू की दुसरं काही?

सोल्डरगन
हलवून पहिल्याचं भागेल, दुसऱ्याचं नाही. सरळ दोन झिरो डिले यूएसबी एन्कोडर घ्या, म्हणजे हँडल आणि बटणं कॉम्प्युटरला जोडायचे छोटे बोर्ड, त्यात प्रत्येक बटणाला स्वतःची पिन असते. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. दोन सारखे घेतलेत तर रीस्टार्टनंतर पहिला दुसरा उलटा होऊ शकतो, म्हणून एकदा सेट झालं की यूएसबी पोर्ट बदलू नका. आणि बटणांच्या मागच्या, वायर जोडायच्या पात्या मोजून जा, २.८ एमएम की ४.८, वायरीचे क्लिप दोन्ही साइजमध्ये येतात.

रासबेरीवाला
हे एन्कोडर पायलाही चालतात बरं का.

धागाकर्ता
पात्या ४.८ आहेत. उद्या सुट्टी टाकून जातो. जुनाखेळाडू, तिसऱ्या हँडलला पॅनलवर जागा नाही, पण चौथ्या भाच्यासाठी स्टूल ठेवलंय.