ललितेतर लोकलमध्येच जास्त रंगतं

ललितेतर (म्हणजे कथा-कादंबरी नसलेलं) पुस्तक लोकलमध्ये वाचवत नाही, तिथे कादंबरीच हवी, असं एक मत वाचलं. ते मला अर्धंच पटलं. माझ्या बाबतीत उलटं झालं. 'वासूनाका' (भाऊ पाध्ये, १९६५) ही कादंबरी गाडीत उघडली आणि तिचा निवेदक पोक्या याची ती शिवराळ, मस्तीखोर बोली वाचताना शेजारचा खांद्यावरून डोकावतोय म्हणून मीच ओशाळलो. ती घरी, एकट्यानेच वाचावी.

याउलट गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे ललितेतर पुस्तक बोरिवली-चर्चगेट प्रवासातच संपवलं. पुस्तक १८६३चं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू होऊन जेमतेम दहा वर्षं झालेली. जुन्या वाक्यरचनेत पहिली वीसेक पानं अडखळलो, हे खरं. पण नंतर खिडकीबाहेर बघत वाचायची सवयच लागली. दोनदा स्टेशन चुकलं!