ऑरेंजची फोड कशी करायची, उच्चार कोणता, मूळ कुठलं?

संत्राबाग, वरुड:
पोरगी सहावीत आहे. इंग्रजीच्या पेपरात ऑरेंजची फोड होती. तिने ‘ओ’ वेगळा काढून पुढे ‘रेंज’ लिहिलं, मार्क कापला. बाईंनी लाल पेनाने ओ-आर एकीकडे, ए-एन-जी-ई दुसरीकडे करून दिलं. मोबाइलवर ऐकलं तर ‘ऑरिंज’. आमचं वर्षाचं सारं गणित याच फळावर, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे. बहाराचा सौदा करायला आलेले व्यापारी म्हणाले, शब्द मूळचा आपलाच. खरं का जी?

निवृत्त मास्तर, मोर्शी:
ताई, शब्दकोशात बाईंचीच फोड आहे. तरी मार्क कापायला नको होता, लेकराने मराठी कानाने बरोबर ऐकलं. आपण का-पूस असं स्वरावर थांबतो. इंग्रजीत जोराचा आखूड स्वर असा उघडा सोडत नाहीत, पुढचं व्यंजन त्याच्याकडे ओढतात. म्हणून लिहिताना र आधीच्या तुकड्यात.

म्हणताना जोर ‘ऑ’वर. पुढचा ‘ए’ ठासून म्हणू नका, ओझरता ‘इ’ पुरे. शेवटचा ज ‘जय’मधला, ‘जवळ’मधला नव्हे. हे तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या, पोरं इथेच अडखळतात. अमेरिकेत बरेच जण तो ‘इ’ही गिळून ‘ओर्न्ज’ म्हणतात.

बागायतदार, काटोल:
व्यापाऱ्याचं खरं आहे. आपण नारिंगी म्हणतो, तोच हा शब्द. संस्कृतात नारंग, आणि त्याच्याही मागे द्राविड भाषा असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. मल्याळममध्ये लिंबाला आजही नारंगा म्हणतात. पुढे फारसीत नारंग, अरबीत नारंज. स्पॅनिशने सुरुवातीचा ‘न’ टिकवला, फ्रेंचमध्ये तो गळाला, आणि १४व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘न’ नसलेलाच. ‘अ नॉरेंज’चं ‘अ‍ॅन ऑरेंज’ इंग्रजांनी केलं, असं जिथे-तिथे वाचायला मिळतं, ते मुलांना शिकवू नका. तसं घडलं ते एप्रनच्या बाबतीत, तो आधी नेप्रन होता.

संत्राबाग, वरुड:
मग नाव आधी रंगाचं का फळाचं?

बागायतदार, काटोल:
फळाचं. रंगासाठी हा शब्द इंग्रजीत १६व्या शतकात रुळला. त्याआधी पिवळा-तांबडा अशा जोडनावाने काम भागवत.