सिक्युरिटी रिक्वायरमेंटमध्येच लिहायची की "नंतर बघू"?

कोडकरी:
रिलीजला दोन दिवस राहिले आणि पेनटेस्टचा (मुद्दाम हल्ला करून बघायच्या चाचणीचा) रिपोर्ट आला. बिलाच्या लिंकमध्ये शेवटी एक नंबर होता, तो एकने वाढवला की दुसऱ्याचं बिल समोर, नाव-पत्ता-मोबाईलसकट! रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करायचं त्या यादीत, काय होतं, तर "ग्राहकाला बिल पाहता यावं". दुसऱ्याचं दिसू नये हे कुणी लिहिलंच नव्हतं, ते म्हणे गृहीतच होतं. मग काय, एकेका एपीआयमध्ये (सर्व्हरकडून डेटा मागायच्या वाटेवर) चेक घालत रात्रभर जागलो. आता हे दुखणं काय आजचंय का, १९९७ सालीच योडर आणि बार्कालो यांनी याचे पॅटर्न, म्हणजे नेहमीच्या अडचणींवरचे ठरलेले उपाय, लिहून ठेवलेत, सगळ्यांनी एकाच दाराने आत यायचं, ज्याचा जेवढा हक्क तेवढंच दाखवायचं वगैरे. तेच रिक्वायरमेंट लिहितानाच उचलले तर काय बिघडतं?

डेडलाईनग्रस्त:
ऐकायला झकास. आमचा क्लायंट सोमवारी एक सांगतो, गुरुवारी भलतंच, तिथे कसले पॅटर्न लावताय. आणि एक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट-रेकॉर्ड कंपनीचं काय झालं २०१७ मध्ये? ते वापरत त्या स्ट्रट्स सॉफ्टवेअरचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आला होता, त्यांनी लावला नाही, मे महिन्यात चोर आत शिरले, १४ कोटींवर लोकांचा डेटा गेला. तिथे तुमची रिक्वायरमेंट काय दिवे लावणार होती?

टेस्टरबाई:
अहो, दोन गोष्टींची खिचडी करताय. तो पॅचचा घोळ होता. २०१९ चं फर्स्ट अमेरिकन या अमेरिकन कंपनीचं प्रकरण बघा, घरखरेदीची कागदपत्रं, लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्याची फाईल, पासवर्डसुद्धा नको, अशा ८८ कोटींवर फायली उघड्या. सर्व्हरला सगळे पॅच असते तरी हे असंच राहिलं असतं. ओवॅस्प या वेब-सिक्युरिटीवाल्या संस्थेने २०२१ च्या धोक्यांच्या यादीत इनसिक्युअर डिझाइन (मुळातली आखणीच असुरक्षित) असा वेगळा गट उगाच नाही केला. मी तर प्रत्येक स्टोरीखाली ("ग्राहकाला अमुक करता यावं" अशा नोंदीखाली) एक उलटी ओळ लिहायला लावते, "चोराला काय करता येऊ नये". पाच मिनिटं लागतात, फार तर दहा.

डेडलाईनग्रस्त:
बरं, लिंकचं मान्य. पण पॅटर्न म्हटलं की कॉपी-पेस्ट आलंच ना. आमच्याकडे चेकलिस्टची एक्सेल फिरते, सगळीकडे "होय". ज्या टूलला लॉगिनच नाही त्याच्या पासवर्ड पॉलिसीसमोरही "होय" 😄

कोडकरी:
हाहा, ही एक्सेल आमच्याकडेही आहे. म्हणूनच पॅटर्नसोबत तो कुठे अंगाशी येतो तेही लिहायचं. पासवर्ड पाचदा चुकला की खातं लॉक, हा अगदी घासून गुळगुळीत झालेला उपाय, पण मग मी मुद्दाम तुमच्या नावाने पाचदा चुकीचा टाकला की तुम्ही बाहेर! त्यापेक्षा दर चुकीनंतर थांबायचा वेळ वाढवत न्यायचा.

डेडलाईनग्रस्त:
हे आमच्याकडे घडलंय, आणि ते पण पगाराच्या दिवशी. 🙏 टेस्टरबाई, त्या उलट्या ओळींचा नमुना असेल तर व्यनि करा. एक्सेल नको फक्त.